‘उंबरठा’ लिहिलेले पाकीट

जबाब देणार : शाळेचा निवृत्त सुतार. वय : एकाहत्तर पूर्ण. धंदा : सध्या घरचीच किरकोळ कामे. राहणार : दवाखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, जिन्यालगतचे दार.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. चौतीस वर्षे एकाच शाळेत बाके, फळे व दारे दुरुस्त केली. काम वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात चाले आणि आत कविता चालू असे. बाक दुरुस्त झाले की उठावे लागे, त्यामुळे मला पुष्कळ कविता पाठ आहेत, पण अर्ध्याच. याचा प्रकरणाशी संबंध काय, असे हवालदार साहेबांनी विचारले. संबंध नाही. धंदा विचारला म्हणून सांगितले.

तीन महिन्यांपूर्वी पत्नीच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. ती वॉकर घेऊन चालते. आमच्या बाथरूमच्या दाराला लाकडी उंबरठा होता, तो वॉकरला आडवा येई. दिवसातून चार-पाच वेळा मी तिला धरून पलीकडे नेत असे. त्या वेळी ती भिंतीकडे पाहत असे.

उंबरठा जमिनीबरोबर कापायचा तर हातकरवत चालत नाही, कारण दोन्ही बाजूंना भिंत आहे. पटाशीने ठोकावे तर फरशी तडकते. त्यासाठी मल्टीटूल नावाचे मशीन मिळते. त्याचे पाते गोल फिरत नाही. जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे थरथरते आणि सपाट कापते.

मागील सोमवारी सकाळी अकरा वाजता मी चौकातील हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे काउंटरवर जे गृहस्थ असतात, वय अंदाजे पन्नास, त्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात, कारण ते मापल्याशिवाय काही देत नाहीत. ते स्वतः मात्र गिऱ्हाईक कामावरून ओळखतात. मी काम सांगितले त्या क्षणापासून मी त्यांच्या लेखी ‘उंबरठा’ झालो. त्यांनी दोन मशिने काढून ठेवली. एक स्वस्त, दुसरे त्याच्या चौपट किमतीचे.

महागाचे हातात घेतले. पाते बसवायला किल्ली लागत नाही, खटका ओढला की बसते. चालू केल्यावर आवाज असा, की चौथीचा वर्ग एका सुरात कविता म्हणत आहे आणि मधले दार लावलेले आहे. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. मिलिमीटर म्हणाले, “काका, झोप येत असेल तर पोतं अंथरतो. पण खरं सांगू? एकच उंबरठा आहे ना? मग स्वस्तातलं न्या. महागाचं रोज कापणाऱ्यानं घ्यावं.” महागाचे विकले असते तर त्यांना कमिशन मिळाले असते. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून घ्यायला सांगत आहे.

पत्नीचेही म्हणणे तेच होते. ऑपरेशन झाल्यापासून तिने अट घातली आहे, “माझ्यासाठी आता महागाचं काही आणायचं नाही.” मी त्यावर वाद घातला नाही. स्वस्तातले घेतले.

मंगळवारी व बुधवारी ते चालवले. पाच मिनिटांत तापे, पात्याचा स्क्रू ढिला पडे आणि त्याच्या हिसक्यांनी माझा उजवा हात कोपरापर्यंत बधिर होई. बुधवारी संध्याकाळी मशीन हातातून सुटले. आतून पत्नीने विचारले, “काय पडलं हो?” मी रेडिओ म्हणालो. उंबरठा एक तृतीयांश कापला गेला होता आणि आता त्याच्या कडेत वॉकरचा पाय जास्तच अडकत होता.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मशीन घेऊन पुन्हा दुकानात गेलो. सात दिवसांत वस्तू बदलून देण्याची तिथे पद्धत आहे, किमतीतला फरक भरायचा. मिलिमीटर यांनी मशीन तपासले. माझा हातही पाहिला. मी म्हणालो, “चौतीस वर्षं शाळेनं सगळ्यात कमी कोटेशनची हत्यारं दिली. पटाशीला धार राहायची नाही, रंध्याला मूठ नसायची. शेवटचं एक काम चांगल्या हत्यारानं करू द्या. तिचं आहे ते.” ते म्हणाले, “मग आपला वाद मिटला.”

यापुढची चूक सर्वस्वी माझी आहे. दुकानात बिल केले की गिऱ्हाइकाच्या फोनवर किमतीसह मेसेज जातो. आमच्या घरी फोन एकच, तो पत्नीच्या उशाशी असतो. म्हणून मी विनंती केली की बिल सोमवारी करा, त्या दिवशी तिची तपासणी आहे, फोन माझ्या खिशात असेल. शिवाय महागाचे मशीन स्वस्ताच्या खोक्यात घालून द्या, ते खोके तिने पाहिलेले आहे. ते म्हणाले, “काका, या वयात लपूनछपून?” मी म्हणालो, “कुणाला बोलू नका.” ते म्हणाले, “शब्द दिला.” फरकाची रोख रक्कम त्यांनी माझ्यासमोर पाकिटात घातली, वर ‘उंबरठा’ लिहिले आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. परत केलेले मशीन महागाच्या रिकाम्या खोक्यात घालून सोमवारपर्यंत मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवले.

शुक्रवारी दुपारी चार वाजता उंबरठा निघाला. अकरा मिनिटे लागली. त्या दिवशी रात्रीच्या जेवणापर्यंत पत्नी सात वेळा एकटी बाथरूमला जाऊन आली. मी कारण विचारले नाही.

शनिवारचा प्रकार मी पाहिलेला नाही, आज दुकानाच्या मालकांकडून कळला. त्यांनी एका गिऱ्हाइकासाठी महागाचे खोके उघडले, तर आत वापरलेले स्वस्त मशीन. ड्रॉवरमध्ये बिल नसलेले पैसे. पाकिटावरचा शब्द त्यांना चोरांची खूण वाटला. त्यांनी भर दुकानात मिलिमीटर यांना चोर म्हटले व तक्रार दिली. मिलिमीटर एवढेच बोलले, “सोमवारी सांगतो. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय.” मला फोन केला असता तर तो पत्नीने उचलला असता, हे त्यांना ठाऊक होते. शनिवारपासून त्यांना रोज ठाण्यात बोलावून बसवले जात आहे.

आज सकाळी दहा वाजता मी बिल करायला गेलो. “मिलिमीटर कुठे?” म्हणून विचारले. मालक म्हणाले, “ठाण्यात. एकोणीस वर्षं सापाला दूध पाजलं मी!” पत्नी बाहेर रिक्षात होती. मी रिक्षा दवाखान्याऐवजी इकडे घ्यायला सांगितली. तिने वाटेत दोनदा कारण विचारले. मला सांगता आले नाही. ते ती आत्ता, माझ्या शेजारी बसून, आपल्याबरोबरच ऐकत आहे.

चौपट हा शब्द आला तेव्हा ती म्हणाली, “साहेब, लिहिताच आहात तर यांनी आणखी काय काय लपवलंय तेही विचारून घ्या.” हवालदार साहेब म्हणाले, “काकू, त्याला दुसरी वही लागेल.” मग ती समोरच्या बाकावर बसलेल्या मिलिमीटर यांना म्हणाली, “भाऊ, माझ्यापायी तीन दिवस चोर म्हणवून घेतलंत?” ते म्हणाले, “ते राहू द्या काकू. उंबरठा सपाट निघाला का? किती राहिला?” ती म्हणाली, “काही नाही राहिला. मी एकटी जाते आता.”

तरी सदर गृहस्थांनी काहीही चोरलेले नाही. पाकिटातले पैसे माझे, खोक्यांची अदलाबदल माझ्या सांगण्यावरून, गप्प राहण्याची गळही मीच घातली. काही कलम लागत असेल तर ते मला लावावे आणि त्यांना घरी जाऊ द्यावे.

मालक आता दाराशी येऊन उभे आहेत. “झालं गेलं विसरा, उद्या नेहमीच्या वेळेला या,” असे ते हळू आवाजात म्हणत आहेत. मिलिमीटर बाकावरून उठलेले नाहीत.

वरील जबाब मला इथे वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. तो दुकानात, भर गिऱ्हाइकांत, चोर म्हटले होते तितक्याच मोठ्या आवाजात वाचून दाखवायचा अजून राहिला आहे.