कुमरेंनी आवाज का टाकला नाही

वहिनी, साहेब, सोबत काम करणारी मंडळी, आणि भोर-नसरापूरकडून आलेले सगळे,

मला बोलायची सवय नाही. वीस-बावीस वर्षं जंगलात गार्ड म्हणून काढली. तिथं माणसाचं बोलणं कमीच लागतं. पण उद्या मला सुनील कुमरेंच्या मृत्यूबद्दल जबाब द्यायचा आहे. तो कागदावर जाण्याआधी कुमरे वहिनींच्या कानावर जावा, म्हणून उभा राहिलो.

कुमरे यवतमाळकडचे, गोंड समाजाचे. तीन वर्षांपूर्वी आमच्यात गार्ड म्हणून आले. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला भाऊ म्हणायचे.

आमच्या कामाची एक रीत आहे. डोंगरावर वणवा दिसला, की ज्याला दिसला त्यानं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आवाज टाकायचा. लिहायचं नाही. लिहिलेलं आमच्यात कुणी वाचत नाही. लिहिलेलं म्हणजे सुविचार, वाढदिवस, फुलं. आवाज आला की मात्र भरल्या ताटावरून उठायचं. आवाज म्हणजे वणवा.

पहिल्याच उन्हाळ्यात कुमरेंनी आवाज टाकला. "जाळ वाढून राहिला, लवकर या ना बाप्पा." आम्ही धावलो. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून जाळ विझवला. सगळं नीट झालं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या आवाजाला ढोलकी जोडली आणि ग्रुपवर सोडली. खाली हसणारे चेहरे. संध्याकाळपर्यंत ती भोरपर्यंत गेली. चार दिवसांनी नसरापूरच्या चहाच्या टपरीवर एक अनोळखी माणूस त्यांना म्हणाला, "काय बाप्पा, जाळ वाढून राहिला का?" कुमरे हसले. पुढच्या वेळी पण हसले. तिसऱ्या वेळी चहा तसाच ठेवून उठले.

मग ढोलकीवर थांबलं नाही. कोट्यातून आले की असंच व्हायचं, असं एकानं लिहिलं. रानातल्यांना रानच राखायला दिलं, असं दुसऱ्यानं. मी नावं घेत नाही. ती माणसं इथंच बसली आहेत. पण एक नाव घेतो. माझं.

तुम्हाला माहीत आहे, मी सकाळी देवपूजा झाली की मोबाईल घेतो आणि ग्रुपवर जे आलं असेल त्याला हात जोडल्याचं चिन्ह टाकतो. न वाचता. कुणाला वाईट वाटू नये म्हणून. त्या सकाळी शेवटचा निरोप होता तो रानातल्यांचा. मी त्याखाली हात जोडले.

दुपारी कुमरे माझ्याजवळ आले. रागावले नाहीत. म्हणाले, "भाऊ, देवळात हात जोडता, तं समोर देव कोणता आहे ते पाह्यता ना? मंग इथं बी पाहत जा."

ते चिन्ह मी काढलं. त्या माणसाला मात्र एक शब्द बोललो नाही. वाद नको म्हणून. ही माझी भक्ती.

मंडळी, मोबाईलमधलं मोबाईलमध्ये राहत नाही. आमच्यात फिरती जोडीनं करायची असते. जोड्या ठरताना लोक म्हणू लागले, "आमाला तो नगं. त्याचं बोलणं कळत न्हाई." अहो, त्याच बोलण्यावर आपण धावत गेलो होतो ना? तेव्हा कसं कळलं? पण हे मी तेव्हा विचारलं नाही. कुमरेंना सगळ्यात लांबचा डोंगर मिळाला, तोही एकट्याला. बैठकीत ते मान हलवायचे, बोलायचे नाहीत. ग्रुपवर त्यांनी पुन्हा कधी आवाज टाकला नाही. काही असलं तर लिहायचे. शुद्ध, पुस्तकी. आपल्या बोलीचा एक शब्द येऊ द्यायचे नाहीत.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला त्यांनी लिहिलं, "वरच्या टेकडीवर वणवा लागला आहे. कृपया तीन जण पाठवावेत."

वर वाढदिवसाच्या शुभेच्छा. खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी मोबाईल उघडला तेव्हा तीन वाजून गेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा वारा फिरलेला होता. कुमरे टेकडीच्या या अंगाला पडलेले. हातात डहाळी होती. खाली तीन वाड्या आहेत. जाळ त्या बाजूला उतरला नाही. दवाखान्यात ते तीन दिवस राहिले.

आता चौकशीचा कागद तयार झाला आहे. त्यात लिहिलं आहे, की कुमरे यांनी ठरल्या रीतीनं आवाज टाकला नाही आणि स्वतःच्या मर्जीनं एकटे गेले. म्हणजे चूक त्यांची. खाली माझी सही मागितली आहे.

आवाज टाकला नाही, हे खरं आहे. का टाकला नाही, ते कागदावर नाही. साहेब, तुमच्याबद्दल मला आदर आहे, पण मी त्यावर सही करणार नाही. मेंगाई देवीला स्मरून सांगतो, उद्या मी ढोलकीपासून सगळं सांगणार. त्यात माझे जोडलेले हात पहिले. ते सगळं माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. तुमच्याही असेल. ज्यांना यायचं त्यांनी सकाळी दहाला ऑफिसच्या पायरीशी यावं. कुणी आलं नाही तरी मी जाईन.

वहिनी, माफी मागत नाही. ती द्यायचं ओझं तुमच्यावर कशाला?

आता दोन मिनिटं उभं राहू या, मंडळी.

तुम्ही बसून राहा, वहिनी. उभं आम्ही राहायचं आहे.