मैदानावरचं बीपी

कुंदा : पाणी नंतर प्या. आधी मिशी पुसा, तेल चमकतंय.

श्यामकांत : हळू बोल, राजसी उठेल.

कुंदा : उठू दे. आजोबा अंबरनाथहून उल्हासनगरला चालत जातात ते दाल-पकवान चापायला, हे नातीलाही कळू दे.

श्यामकांत : चालणं तर होतं ना? डॉक्टरच म्हणाले, चाला.

कुंदा : चाला म्हणाले. कढईपर्यंत चाला नाही म्हणाले.

श्यामकांत : आमच्या ग्रूपला शिस्त आहे, मॅडम. महेश मशीन आणतो. मैदानात बाकावर बसून आधी प्रत्येकाचं बीपी. ज्याचं सगळ्यात कमी, त्याला बाकीचे खिलवतात.

कुंदा : वा! ज्याचं हृदय धड, त्याच्यावरच तळणाचा मारा. आणि म्हणे कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते!

श्यामकांत : आठवडाभर मीच जिंकत होतो. म्हणून तर गोळी थांबवली.

कुंदा : कसली गोळी?

श्यामकांत : बीपीची. रीडिंग नॉर्मल आल्यावर कशाला उगाच पोटात औषध?

कुंदा : अहो, ते गोळीनंच नॉर्मल येत होतं! बॉयलरचा काटा खाली दिसला की सेफ्टी व्हॉल्व्ह काढून घरी आणायचात का?

श्यामकांत : मला ना चक्कर, ना डोकेदुखी. ठणठणीत आहे मी.

कुंदा : अवधूतभावजींना तरी कुठे काय होत होतं? बावन्नाव्या वर्षी, बोलता बोलता गेले. सख्खा भाऊ तुमचा.

श्यामकांत : त्याची सिगारेट होती. मी कधी शिवलोय?

कुंदा : नाही ना. तुम्ही ताटावर बसायच्या आधी मीठ ओढता, वर पापड, वर लोणचं. सोवळ्यातलं व्यसन! बरं, आजही तुम्हीच जिंकलात ना? हार कुठाय?

श्यामकांत : आज महेश.

कुंदा : महेश? मग तुमचं किती आलं?

श्यामकांत : मशीन जुनं झालंय ते.

कुंदा : किती?

श्यामकांत : एकशे अठ्ठ्याहत्तर. पट्टा घट्ट होता गं. दुसऱ्या हाताला लावला, तरी तेच.

कुंदा : आणि त्यावर पकवान खाल्लंत.

श्यामकांत : सगळे हसत होते. एकट्यानं उठून कसं यायचं?

(कुंदा पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपते.)

कुंदा : चपला काढू नका. शेजारच्या कौसाबाईंना राजसीजवळ बसवते. डॉक्टरांकडे जाऊ, रिक्षानं.

श्यामकांत : अगं, मशीनच बिघडलं असेल.

कुंदा : बाकीच्यांचं कसं आलं?

श्यामकांत : बाकीच्यांचं... बरोबर आलं.