मामाची पत्रिका

तुम्ही मले आळशी म्हणता ना? मंग माह्या मामाचं ऐका.

माह्या पोरीचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या. आपल्याकडे मामाले फोनवर आवतन चालत नाही, घरी जाऊनच पत्रिका द्यावी लागते. मामा राहते नाकाडोंगरीले, अन् मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये. बायको रोज विचारे, "मामाकडे गेले का?" मी म्हणो, "रविवारी जातो." असे चार रविवार गेले. खरं सांगू? तीन वर्षांआधी मामानं आपल्या पोराच्या लग्नाले आम्हाले बोलावलंच नव्हतं. तेव्हापासून बोलणं बंद. म्हणून पायच उचलत नव्हता.

लग्नाले दोन दिवस राहिले, तशी बायको चिडली. "तुम्ही नाही जात, तं मी जातो बसनं!"

गेलो बापा. मान खाली घालून पत्रिका मामाच्या हातात देली. "मामा, उशीर झाला, माफ करजा."

मामा उठला, आलमारी उघडली अन् एक जुनी पत्रिका माह्यासमोर ठेवली. त्याच्या पोराच्या लग्नाची. कोपऱ्याले हळद लावलेली, वर त्याच्याच अक्षरात माहं नाव.

"आज जातो, उद्या जातो म्हणता म्हणता लग्न होऊन गेलं रे. मंग कोणत्या तोंडानं येऊ?"

माह्या डोळ्यात पाणी आलं. मामानं पाठीवर हात ठेवला.

"तुले कायचा उशीर झाला? तू तं दोन दिवस आधी आला. मी तं तीन वर्षांपासून अजून घरून निघूनच राहिलो."