सासूबाईंचा फोन

अहो, मग आधी सांगायचं ना पडदे शिवायचे नाहीत म्हणून! मघापासून तागेच्या तागे उलगडून दाखवतेय मी — आणि तुम्ही निघालात चौकशीवाले. ठेवा ते ओळखपत्र खिशात, पाहिलं. बसा त्या स्टुलावर, जपून, टाचण्या आहेत. कुणाची चौकशी? त्याची? आणि मला विचारताय? घटस्फोट होऊन चार वर्षं झाली साहेब, तो माणूस कुठे जेवतो, कुठे झोपतो, मला देणंघेणं नाही. — काय? वरच्या जागेवर घेतायत? संरक्षण खात्यात, तीही गुप्त कामाची? घ्या, खुशाल घ्या. इतकी वर्षं संसार केला, त्याच्या मनात काय चाललंय याचा मला पत्ता लागला नाही. याच्याहून गुप्त माणूस कुठे मिळणार तुम्हाला?

मग अडलंय कुठे? — आई? त्याची आई परदेशात असते म्हणून? शी! शिसारी येते हो मला तुमची. नवरा गेल्यावर एकटीनं दिवस काढले त्या बाईनं, साठीला आल्यावर तिकडच्या एका विधुर मास्तराशी लग्न केलं, त्याच्या देशात गेली, तिथलीच नागरिक झाली. तो मास्तर गुडघ्यांनी अधू, आणि सासूबाई चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात. ही जोडी तुमची गुपितं पळवणार?

आणि त्यानं काय सांगितलंय तुम्हाला? तीन वर्षं आईशी संबंध नाही? — हो, बोलत नाही, खरंय. सरळ सांगितलं तिला, मला फोन करू नकोस, माझी नोकरी अडकते. पोटच्या पोरानं! मला कळलं तेव्हा हातातली कात्री खाली ठेवली मी. तिच्या लग्नातही हेच — लोकांना काय तोंड दाखवू म्हणे. साक्षीदार म्हणून मी सही करून आले आणि हा घरात दार लावून बसला. तिथूनच आमचं बिनसलं.

मग ती बिचारी कुणाला फोन करणार? मलाच. दर रविवारी, दुकान बंद असतं तेव्हा, व्हिडिओवर. आता नातं काय उरलंय म्हणा — पण मी आईच म्हणते. माझी करा चौकशी, मला कुठे तुमची नोकरी हवीय! काय बोलते सांगू? मास्तराचे गुडघे, शेजारणीचं मांजर, आणि शेवटी आवाज बारीक करून — "तो बरा आहे ना गं?" मी म्हणते, बरा आहे. आणि हा तिथं, त्या नमुन्याच्या पडद्यांमागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा उकिडवा बसलेला, डोळे पुसतोय, पण तोंडातून ब्र नाही! किळस येते साहेब. बखोट धरून ओढावं, म्हणावं अरे बोल, एक शब्द बोल! तर म्हणतो, "बोललो तर ऑफिसात खोटं सांगावं लागेल." भेकड! पण एक रविवार चुकवत नाही. परवा खोकला आला त्याला. पडद्यात तोंड खुपसलं, तरी आलाच. सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. म्हणाल्या, "गरम पाणी पीत जा म्हणावं — म्हणजे, पीत जा गं तू." आणि फोन ठेवताना पहिल्यांदाच, तो बरा आहे का, ते विचारलं नाही —

काय लिहिताय? अहो, काय लिहिताय तुम्ही? मी कुठे म्हटलं तो येतो म्हणून? … म्हटलं, पण बोलत नाही ना तो! नुसतं ऐकलं तर तो संबंध का? — लपवलं? लपवलं म्हणून अडलंय? … थांबा. म्हणजे आई परदेशात आहे, रविवारी फोनवर बोलतो, असं सरळ सांगितलं असतं तर — चाललं असतं? बऱ्याच जणांचं चालतं? नक्की?

शी.

म्हणजे त्या मूर्खानं तीन वर्षं उगाचच —

नाही, तुमच्या त्या जबाबावर सही करणार नाही मी. काही विचारू नका आता. उठा. शटर ओढायचंय मला. उठा म्हणते ना!