सगळ्या गिरणीला बुधवार

तितं नका बसू साहेब, त्या स्टुलाचा पाय ढिला हाय — हितं बसा, पंख्याखाली. बाई येतील इतक्यात. विजयमालाबाई. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्यात, मुंबईच्या ट्रेनिंगचा कागद आलाय त्यांचा, सहा महिन्यांचं ट्रेनिंग — मंग खाली उतरायला वेळ लागणारच की. तुमी पुण्याचे, कॉम्प्युटर सेंटरचे, व्हय ना? खोका बघितला आन वळखलं मी. हितनं कार्डांचा जो खोका जातो त्याची दोरी मीच बांधतो. धोंडीराम म्हणत्यात मला. कार्डं पाडणारा, पंच-ऑपरेटर. सतरा वर्षं झाली गिरणीत, त्यातली नऊ ह्या खोलीत. घ्या, चहा घ्या, गार हुतोय.

आता तुमी म्हणाल, सोलापूरच्या गिरणीतल्या माणसाला कॉम्प्युटरचं काय कळतंय. कळतंय की. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चादर विणणारं गाव हाय हे — आमच्या शेजारच्या पद्मसाळी विणकरांच्या मागावर पुठ्ठ्यांची माळ फिरती आन चादरीवर मोर उठतो, तुमचं मशीन त्याच्याहून काय लई येगळं करतंय? आन मी वाचतो साहेब. वाचनालयात इंग्रजी मासिकं येत्यात, दोन-दोन महिने शिळी, पण येत्यात, डिक्शनरी घेऊन बसतो. ती मोठी अमेरिकन कंपनी देशातनं गाशा गुंडाळती म्हणं — गुंडाळू द्या, हैदराबादला आपलं सरकारी मशीन हुतंय, हितनं रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. आन ती ऑपरेटिंग सिस्टिम, लोक नावालाच घाबरत्यात. मी एका शब्दात सांगतो — मुकादम. खात्यात मुकादम काय करतो? कुणाला कुठल्या मागावर घालायचं, कुणाला थांबवायचं, एकाचं झालं की दुसऱ्याला कधी घ्यायचं. तेच की. फकस्त ह्या मुकादमाला पाहुणेरावळे न्हाईत, म्हणून वशिला चालत न्हाई. बाईंना मी असंच समजावलं हुतं, तर हसल्या, आन दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांपुढं तेच बोलल्या, मुकादम म्हणून. साहेब म्हणाले, वा. मी तितंच उभा हुतो, फायली धरून.

सिक्युरिटीचं विचाराल तर माझं मत येगळं हाय. तुमच्या सेंटरला आलतो मी एकदा, खोका पोचवायला. काय थाट — चपला भाईर, आत गार हवा, दारावर पहारेकरी, वहीत सही. आत जायचा पास बाईंचाच हुता. मी काचेपाशी उभा, तासभर, आत दिवे लागत हुते आन बाई कुणाला तरी हात करून काय काय विचारत हुत्या, आन त्यो माणूस उठून त्यांना खुर्ची देत हुता. असो. तिकडं अमेरिकेत हरेकाला परवलीचा शब्द देत्यात म्हणं, त्योच टाकला तर मशीन बोलतंय, आन एकदा गफलतीनं सगळ्यांचे शब्द सगळ्यांनाच दिसले. आता बोला. दाराला कुलूप घालून काय हुतंय? आमचा खोका कसा जातो — तीनशे कार्डं, दोन रबर, एक दोरी, आन एस.टी.च्या टपावर. बाई हुशार, गठ्ठ्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं तिरकी रेघ मारत्यात, कार्डं सांडली तर रेघ जुळवून परत लावायची. ती युक्ती बी मीच दिलेली. पण रेघ काय सांगती? क्रम चुकला तर सांगती. मधलं एक कार्डच गेलं, तर रेघेत केसभर फट पडती, आन ती फट बघायला कोण बसलंय?

न्हाई, बाईंबद्दल वाईट न्हाई बोलायचं मला. करमाळ्याच्या हायेत, बीएस्सी. मी मॅट्रिक. पण हे पाळीपत्रक — तुमी ज्याच्यासाठी आलाय त्येच — त्याची रीत माझी हाय साहेब. अकराशे माणसं, तीन पाळ्या, हरेकाची सुट्टी दर हप्त्याला एक वार पुढं सरकायची, नवराबायको दोघं गिरणीत असले तर एक घरी ऱ्हायला पायजे, सणाच्या हप्त्यात काय करायचं — हे पुस्तकात न्हाई, हे माझ्या डोक्यात हुतं. चार महिने डबा खाताना मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. धोंडीरामदादा, मंग पुढं काय, धोंडीरामदादा, असं झालं तर काय. आपल्या डब्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर वाढायच्या. त्यांच्या मनात पाप न्हाई, त्याचाच लई त्रास हुतो. मनात पाप असतं तर भांडलो असतो. आन कार्डं पाडायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, ही मी पाडते. माझं काम ते, नऊ वर्षांचं, माझ्या हातात एक कार्ड दिलं न्हाई. मंग हॉलमध्ये सभा झाली, मोठे साहेब म्हणाले, विजयमालाबाईंचा प्रोग्रॅम, टाळ्या. बाई काहीतरी बोलाय उठल्या हुत्या, तेवढ्यात भोंगा झाला आन लोक उठून गेले. मी बी टाळ्या वाजवल्या. खरं सांगू का, हितं जळतंय माझं, छातीत. रोज. त्या जिना चढायला लागल्या की त्यांच्या चपलांच्या आवाजानं सुरू हुतंय.

काय म्हणालात? पत्रक चुकीचं आलं? आता काय सांगायचं. सगळ्या अकराशे माणसांना बुधवारचीच सुट्टी — गिरणीला टाळंच लागंल की त्या दिवशी. मला विचाराल तर फार मोठं काय न्हाई, एक कार्ड गेलेलं असणार. वार बरोबर वार अधिक एक, एवढंच असतंय त्याच्यावर. ते नसलं की वार पुढं सरकत न्हाई, सगळं एका जागी बसतंय. आन मशीन कुरकुर करत न्हाई, त्यातच तर कसब हाय — अडाणी माणसानं कुठलंबी कार्ड उपसलं असतं आन तुमच्या मशीननं सगळा गठ्ठा तिथल्या तिथं परत फेकला असता. तीनशेतनं असं एक काढायचं, की बाकीची दोनशे नव्व्याण्णव गप बसतील — त्याला मशीन आतनं कळावं लागतंय साहेब, नुसतं बीएस्सी होऊन —

असं का बघताय?

बुधवार? तुमीच म्हणालात की. न्हाई? नुसतं चुकीचं आलं म्हणालात? मंग खात्यात कुणीतरी बोललं असंल. न्हाई... कुणी कसं बोलंल, कागद तर अजून तुमच्याच पिशवीत हाय. हे बघा, सोपं हाय ते, पहिला वार बुधवार धरलाय प्रोग्रॅमात, तर अडकलं की बुधवारावरच अडकणार, कुणीबी सांगंल. मी कुणी काढलं असं म्हणत न्हाई. पडलं बी असंल. एस.टी. लई हादरती टेंभुर्णीच्या पुढं.

बाईंना बोलवू का? बाईंकडं न्हाई आला? मंग कुणाकडं?

माझ्याकडं.

माझं नाव कुणी सांगितलं तुमाला? कागदावरची ही पहिली वळ? थांबा, चष्मा लावू द्या. ही प्रोग्रॅमची यादी हाय ना, मी कार्डं चाळलीत की ही, सगळी — पहिलं तेवढं सोडून. पहिल्या कार्डावर सुरुवातीला सी असतो साहेब, सी असला की मशीन ते कार्ड वाचत न्हाई, त्याच्यावर माणसांसाठी काय लिहायचं ते लिहित्यात, म्हणून मी बी ते... काय लिहिलंय? मेथड बाय धोंडीराम लवटे. रीत धोंडीराम लवटे यांची. आन खाली, बारीक न्हाई, तेवढ्याच अक्षरात — पंच्ड बाय विजयमाला. नुसतं विजयमाला. आडनाव बी न्हाई घातलं.

तुमचे साहेब म्हणाले, ही रीत काढणारा माणूस सेंटरला पायजे. म्हणून आलात. व्हय. आन पत्रकाची चूक? रीत बरोबर हाय तर चूक कार्डांची. व्हय. कार्डं पाडणाऱ्याची.

आल्या बघा बाई. त्याच चपला.

या बाई. हे पुण्याचे साहेब — तुमाला कळलंय? मोठ्या साहेबांना फोन आलता? मंग मुंबईचं काय म्हणाले? थांबवलं. रडू नका बाई. न्हाई, ऐका, माझ्या नावाला काय झालं न्हाई, तुमी माझी कशाला माफी मागताय, तुमच्याकडनं कार्ड न्हाई राहिलं. न्हाई म्हणतोय ना मी. बसा तुमी. त्या स्टुलावर नको, हितं.

साहेब, तुमी जरा भाईर थांबा.