मी उघडलेले डोळे

जन्म माझा झाशीतलाच. वडील खानदेशातून रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच होऊन राहिले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, आता भावाची मुलं तर मराठी नुसती ऐकतात, उत्तर हिंदीत देतात, चालायचंच. माझा हात चित्रकलेत बरा, म्हणून शाळा सुटल्यावर वडिलांनी दतिया गेटजवळच्या एका फोटो स्टुडिओत नेऊन बसवलं. मालकांना सगळे बाबूजी म्हणायचे. कुणाचा मुरूम घालव, कुणाची भुवई भर, असं बारीक ब्रशचं काम. आणि एक काम होतं ते दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. काय सांगू तुम्हाला, मेलेल्याचे डोळे उघडायचं काम.

तेव्हा गरिबाघरी जिवंतपणी फोटो कुठले हो? माणूस गेला की धावत यायचे, बाबूजी, एक तो खींच दो. बाबूजी जायचे, उशीला टेकवून बसवायचे, फोटो काढायचे. मग त्या मिटलेल्या पापण्यांवर मी डोळे रंगवायची. आधी दुसऱ्या फोटोतले बघून काढले तर बाबूजी म्हणाले, सुमन बेटा, ये तो काँच के हैं, किसी ज़िंदा की आँख देखकर बनाओ. आता माझ्या टेबलाशी जिवंत कोण, मीच. हातातला आरसा उभा केला आणि माझेच डोळे काढले. लहान पोर असो, म्हातारा असो, सगळ्यांना माझे. चूक म्हणा. कुणाला कळलं नाही, घरचे रडत रडत म्हणायचे, हूबहू, बिल्कुल हूबहू.

बाबूजी गेले, स्टुडिओ बंद झाला. यंदा त्यांच्या मुलाचा फोन, बुआजी, सिविल लाइंसमध्ये फोटोंचं मोठं प्रदर्शन लागलंय, आपल्या दुकानातल्या उरलेल्या प्रतींची जुनी पेटी मी त्यांना दिली, तुमच्या हातचं काम आहे, बघून या. गेले. भर दुपार, हॉलमध्ये दिवे लख्ख, आणि भिंतीवर सतरा चेहरे, माणसाच्या उंचीएवढे मोठे केलेले. सतराच्या सतरा माझ्याकडे बघत होते आणि माझ्याच डोळ्यांनी बघत होते. माझी एक पापणी जरा झुकलेली आहे, बघा ना, तीसुद्धा सतरा वेळा झुकलेली. एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीला म्हणत होती, सब एक ही खानदान के हैं क्या? चौकीदार खुर्ची दाराबाहेर घेऊन बसला होता. का हो भैया, म्हटलं, तर म्हणे, अंदर सब साथ में देखते हैं, आप ही बैठ लो.

आणि प्रत्येकाच्या खाली चिठ्ठी, अज्ञात, झाशी. तिथे माझं डोकं फिरलं. अज्ञात कसे? डोळे उघडण्याआधी मी प्रत्येकाचं नाव विचारायची आणि फोटोला हाक मारायची, त्याशिवाय ब्रश लावायची नाही. आयोजक बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दीदी, अज्ञात ज़्यादा असर करता है. मी म्हटलं, असर तुमच्या पाहुण्यांवर होतो आणि नाव यांचं जातं, हे बरं आहे! साहेबाचा फोटो असता तर आजोबा-पणजोबांसकट लिहिलं असतं. गरीब मेला की त्याला नाव नसतं का? त्या म्हणाल्या, घरचं कुणी आणा, लिहिते.

सतरांतली एकच मला गावासकट आठवत होती. गोमती, नऊ वर्षांची, बाप मऊरानीपुरच्या धान्यमंडीत पोती वाहायचा. बसनं गेले, मंडीत विचारत विचारत घर सापडलं. बाप कधीच गेलेला, आई होती, पार वाकलेली. ये, बस, म्हणाली. मला तहान लागली होती, मी उठले आणि दाराआडच्या हंड्यातून पाणी घेऊन प्याले. मग भान आलं. या घरात मी पहिल्यांदाच आलेली, हंडा दारामागे आहे हे मला कुणी सांगितलं? वळून बघितलं तर समोरच्या भिंतीवर गोमतीचा फोटो, हंड्याकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी तिला प्रदर्शनात आणलं. लेकीपुढे किती वेळ उभी होती. मग माझ्याकडे वळली, जे आँखें मोरी मोड़ी की नइयाँ, म्हणाली, माझ्या पोरीचे डोळे नाहीत हे, पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. तुमईं हेर रईं हतीं, तूच बघत होतीस. वाटलं आता शाप देते. पण ती म्हणाली, चाळीस वर्षं रोज सकाळी दिवा लावून मी त्या डोळ्यांशी बोलते, सगळं सांगते, तू ऐकलंस? नाही हो आई, म्हटलं, मी काहीच ऐकलं नाही. तशी शांतपणे म्हणाली, सुनो तो हुइए. ऐकलं असशीलच. आणि माझ्या दोन्ही डोळ्यांवर हात ठेवला, जीती रइयो.

बाईंनी अज्ञातची चिठ्ठी काढली आणि लिहिलं, गोमती, मऊरानीपुर. म्हातारीला वाचता येत नाही, तिनं दोनदा वाचून घेतलं.

सोळा राहिलेत. नावं सगळी पाठ आहेत, घरं शोधते आहे, जमेल तितकी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, डॉक्टर दोन वर्षं मागे लागलेत आणि मी भीतीनं टाळत होते. आता सोमवारी ऑपरेशन आहे. डोळे माझ्या एकटीचे असते तर राहू दिलं असतं.