अकरा मांगूर

माझा जन्म इथलाच, बनारसच्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतला, बाप यात्रेकरूंना जेवू घालायचा आणि मी पण जन्मभर तेच केलं, दुसरं काही केलं नाही, तेव्हा माझ्याकडून फार मोठं काही ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका. तुम्ही पुण्याचे, माझं बोलणं लिहून घ्यायला आलात, आमचं मराठी ऐकून तुम्हाला हसू येत असेल, येऊ द्या. आमचे कोणी खापरपणजोबा कोकणातून आले म्हणतात, कोणत्या गावातून ते कोणाला ठाऊक नाही आणि मला त्याचं काही पडलेलं पण नाही. नागपूरचे, सोलापूरचे लोक यायचे, दशाश्वमेधला नहायचे, मग आमच्याकडे वरणभात जेवायला बसायचे आणि सांगायचे की बाई, आमटीला गूळ कमी पडला. गंगेत पापं धुऊन आलेला माणूस पानावर बसला की पहिलं काम नावं ठेवायचं करतो, हे मी परकरात होते तेव्हापासून बघत आले.

लग्न रेल्वेतल्या कारकुनाशी झालं. माणूस चांगला, पण हळू, चहा थंड झाल्यावर पिणारा. त्यांच्या पगारात भागेना म्हणून संकठा घाटाजवळच्या एका गेस्ट हाउसात मी स्वयंपाकाला लागले, तिथे जपानी पोरं उतरायची. महिना महिना पडून राहायची, गांजा ओढायची आणि शांती मिळाली म्हणायची. अशा किती शांत्या मी खिचडी घालून परत पाठवल्या, काय सांगू तुम्हाला.

त्यातलीच एक मिचिको. सतार शिकायला आली होती, सतार काही तिला शेवटपर्यंत आली नाही, पण चार वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून मराठी शिकली, मला काकू म्हणायची, आमच्या इथल्या मराठी घरांतल्या पोरांपेक्षा बरं बोलायची, त्यांना तर आता पाणी दे म्हणायचं तरी हिंदीत म्हणावं लागतं. ती परत आपल्या गावी गेली आणि दोन वर्षांनी तिचा फोन आला, काकू, आमच्या गावात या, एक हंगाम आमच्या शाळेत स्वयंपाक करा, तिकीट मी पाठवते. ह्यांनी म्हटलं जा, तेवढीच मला पण शांतता. म्हणून गेले.

गाव कसलं, डोंगरातली वस्ती, निम्म्या घरांना कुलपं. मुलं उरली नाहीत म्हणून सरकारने शाळा बंद केलेली, ती गावात उरलेल्या म्हाताऱ्यांनी उघडली होती आणि शहरातली मुलं तिथे आणायची, कशाला, तर भात दाखवायला, ओढा दाखवायला, बेडूक मोजायला. मी मनात म्हटलं, अरे देवा, बेडूक मोजायला बनारसहून विमानाने बाई आणली. पण शिकवायचे मात्र नीट. शेतात औषध मारायचं बंद केलं होतं, ओढ्याचं सिमेंट सरकारच्या मागे लागून काढायला लावलं होतं, दगड आपल्या हातांनी रचले होते, तेव्हा कुठे दहा वर्षांनी काजवे परत आले म्हणे. एका ठरलेल्या रविवारी प्रत्येक घरातून एक माणूस पाट साफ करायला येणार म्हणजे येणार. मिचिकोची आई पंचाहत्तरीची, रबराचे बूट घालून चिखलात उतरली. मी वाट बघत उभी, की आता मंडप कुठे, पाहुणे कुठे, हार कोणाच्या गळ्यात. कोणी आलंच नाही. एक म्हातारा दोन वाक्यं बोलला आणि सगळे कामाला वाकले.

भात कापून झालं की ते लोक तळ्याचं पाणी काढून टाकतात, तळ उन्हाला दाखवतात, आणि मासे टबात वेगळे करतात, आपल्या तळ्याचे असतील ते परत, कोणी बाहेरून आणून सोडलेले असतील ते बाजूला. कोणीतरी हौसेने बाहेरचे मासे सोडले होते, त्यांनी सगळ्यांची अंडीपिल्लं खाऊन तळं ओसाड केलं होतं, ते मुलांना दाखवायचं आणि मुलांनी वहीत लिहायचं. मी तिथे उभी राहून हसले. म्हटलं, तिन्ही त्रिकाळ मासे खाणारे तुम्ही, आणि वरून माशांची जात बघता. मिचिकोने ते आईला सांगितलं, आईने माझ्याकडून आणखी एक थालीपीठ मागून घेतलं.

परत आले तर आमच्या घरामागचं कुंड होतं तसंच. मला लाज वगैरे वाटली नाही, मला राग आला. त्या कुंडात काय नव्हतं ते विचारा, निर्माल्य, प्लास्टिक, फुटक्या काचेचे देव. घरातला जुना देव उचलायचा, त्या घाणीत फेकायचा आणि हात जोडून म्हणायचं विसर्जन झालं. असल्या लोकांना देव पावत नाही ह्यात देवाचा काय दोष. मी घरोघर जाऊन सांगितलं, रविवारी एका घरातून एक माणूस. पहिल्या रविवारी आलं कोण, तर मी, हे, आणि रामलखन धोबी. बाकीचे खिडकीत उभे राहून चहा पीत होते, आणि वरून सल्ले, चाची, तिकडून काढा, चाची, दोरी लावा. उंटावरचे शहाणे सगळे. मग मी जाहीर केलं, ज्या घरचं माणूस येणार नाही त्या घरी होळीला माझी पुरणपोळी जाणार नाही. त्या दिवसापासून यायला लागले. धर्मासाठी आले नाहीत, पाण्यासाठी आले नाहीत, पोळीसाठी आले.

पण खरा गाळ काढला तो रामलखनने. दोन हिवाळे डोक्यावरून टोपल्या वाहिल्या. त्याचा बाप, आजा ह्याच कुंडाच्या पाण्यावर कपडे धूत आले, कुंडाच्या बाहेरच्या अंगाला त्यांचा दगड आहे, त्याचंच पोट त्यावर, तेव्हा तो राबला. तिसऱ्या वर्षी पाण्याचा तळ दिसायला लागला. बेडूक आले, बारके मासे आले, एक खंड्या येऊन बसायला लागला. मग मी शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंना धरलं, म्हटलं शनिवारी पोरी घेऊन या, मोजायला शिकवा. पिंकी म्हणून सातवीतली एक पोर आहे, अक्षर कोंबडीचे पाय, पण डोळा पक्का, वही तिच्याकडे दिली. आषाढात बेडकांची पिल्लं काठाला काळ्या मोहरीसारखी पसरायची आणि ती पोर उकिडवी बसून मोजायची. मग काय, सगळं झाल्यावर एक साहेब आले, कुंडापेक्षा मोठी पाटी लावली, एक रोप लावून फोटो काढला. साहेबाची गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत ते रोप बकरीने खाल्लं.

तोवर सगळं ठीक होतं. मग ह्यांना हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, आणि वय झालंय, सांगता येत नाही. आता खोटं कशाला बोलू, मी घाबरले. ज्योतिष्यांना मी आयुष्यभर जेवू घातलंय, त्यांची अक्कल किती ते मला ठाऊक, पण त्या आठवड्यात मीच जाऊन बसले एकापुढे. तो म्हणाला, शनी आहे, शनिवारी सकाळी अकरा जिवंत मासे पाण्यात सोडा, जीवदान द्या, जीवदान मिळेल. आमच्यात कोणी माशाला हात लावलेला नाही, मी नाकाला पदर लावून मंडीत गेले, मासेवाला म्हणाला मांगूर घ्या माताजी, कुठेही जगतात, मरत नाहीत. मरत नाहीत हे ऐकलं आणि घेतले.

गंगेत सोडायचे तर घाटाखाली जाळी लावून बसलेले असतात, तुम्ही वरून सोडा, ते खालून धरून परत मंडीत. म्हणजे माझं पुण्य संध्याकाळी कोणाच्या तरी कढईत. मी म्हटलं फसवणूक नको. म्हणून मी ते अकराच्या अकरा आमच्या कुंडात सोडले, स्वच्छ पाणी, माझ्या नजरेसमोर. जपानचं तळं आठवलं नाही का विचाराल, आठवलं. मी स्वतःला म्हटलं, ते बाहेरचे होते, हे आपल्या मंडीतले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि हे बरे झाले, हो, ऑपरेशन झालं, आठवड्याने उठून बसले आणि चहा मागितला, आणि थंड करूनच प्यायले.

पुढच्या आषाढात पिंकी वही घेऊन आली तर लिहायला काही नाही. काठ रिकामा. ती म्हणाली, दादी, बच्चे नहीं हैं. आठ दिवसांनी आली, तेच. खंड्या पण यायचा बंद झाला. मग मोहल्ल्यात सभा बसली, काम करायला एक येत नाही, सभेला सगळे. कोणी म्हणालं साबण, धोब्याचा साबण पाण्यात जातो. आणि मी, मी सगळ्यांत मोठ्याने बोलले. रामलखनला बोलावून चार लोकांत म्हटलं, दोन वर्षांची मेहनत तू तुझ्या साबणाने मारलीस, तुला पोरींची पण लाज नाही. दुसऱ्या दिवशी तो गाठोडी सायकलवर बांधून वरुणा नदीच्या काठी गेला, इथून किती लांब, आणि तिथलं पाणी काय लायकीचं.

त्यानंतर श्रावणात एका दुपारी मी खिडकीत तांदूळ निवडत होते आणि कुंडात मधोमध एक तोंड वर आलं. मिशा असलेलं, माझ्या मनगटाएवढं. हवा प्यायलं आणि खाली गेलं. थोड्या वेळाने दुसरं. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तेव्हाच उठून बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले. श्रावण गेला, दिवाळी गेली, ह्यांना पण सांगितलं नाही. लोकांना नावं ठेवायची सवय असली ना, की स्वतःचं नाव घ्यायला जीभ वळत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आणि चोर घरात बसून लोणचं घालत होता.

थंडीत शेवटी मीच म्हटलं, कुंड उपसू या, जपानमध्ये करतात तसं. काय निघणार ते मला ठाऊक होतं. पंप लावला, दोन दिवस चालला, पोरी टब घेऊन काठावर. चिखलात नऊ मांगूर वळवळत होते, हाताएवढे, दोन कुठे गेले कोणास ठाऊक. मास्तरीणबाई म्हणाल्या, हे कुंडाचे नव्हेत, ह्यांनीच सगळं खाल्लं, कोणी सोडले हे. आणि तो कोपऱ्यावरचा पानवाला, ज्याने आजवर एक टोपली उचलली नाही, तो म्हणाला, रामलखननेच सोडले असतील, उट्टं काढलं साल्याने. सगळे माना हलवायला लागले. मी म्हटलं, मी सोडले. ह्यांच्यासाठी सोडले. कोणाला पटेना, मग मी परत म्हटलं, मोठ्याने. गंमत बघा, लोकांच्या तोंडावर केवढा आनंद. इतकी वर्षं माझी जीभ सोसली, त्या दिवशी वसूल झाली. पिंकीने फक्त विचारलं, दादी, मांगूर में बड़ी ऊ की मात्रा है ना, आणि वहीत लिहिलं, नऊ मांगूर, दादीने सोडले.

त्याच दिवशी मी रिक्षा करून वरुणेवर गेले. रामलखन कपडे आपटत होता, थांबला नाही. मी सगळं सांगितलं, मासे, शनी, सगळं, म्हटलं, माझी चूक झाली, समजलं नाही, परत ये. तो म्हणाला, माशांचं समजलं नसेल माताजी. पण मी बादलीने पाणी काढून बाहेरच्या दगडावर धुतो, माझं पाणी नाल्यात जातं, कुंडात नाही. हे तुम्ही पंधरा वर्षं तुमच्या खिडकीतून रोज बघत होतात. माशांचं ठाऊक नव्हतं, हे तर ठाऊक होतं ना.

ठाऊक होतं. सभेत बोलत होते तेव्हा पण ठाऊक होतं. धोबी होता म्हणून बोलले, दुसरं काही नाही, पानवाल्याला मी तसं बोलले नसते.

यंदा बेडूक आलेत, तुम्ही रात्री राहिलात तर ऐकाल, हे तर वैतागून खिडकी लावतात. पिंकीची वही भरत आली. होळीला मी रामलखनच्या घरी पोळ्या पाठवल्या, त्याच्या बायकोने डबा झाकण न उघडता परत दिला. मी असते तर मी पण नसता घेतला. आता दर रविवारी सफाईच्या आधी मी घरांची नावं वाचते, पहिलं नाव रामलखनचं घेते, लोक म्हणतात, चाची, तो तर गेला, कशाला घेता, मी म्हणते, यादी माझी आहे. मग जरा थांबते, कोणी ओ देत नाही, आणि दुसरं नाव घेते. देव त्याला सुखी ठेवो. माझ्या तोंडचा आशीर्वाद त्याला नकोच असेल, तरी लिहा.